बुडखा मोकळा ठेव

आगराची वई, म्हणजे भोवतालचं कुंपण, आता तुझ्याकडे आली आहे, तेव्हा रंगाच्या दुकानात जाण्याआधी हातात कोयता घे आणि वईच्या कडेकडेने एक फेरी मार. प्रत्येक मेढीपाशी थांब, वाक आणि बुडाशी बघ. जमिनीच्या वर चार बोटं आणि जमिनीच्या खाली एक वीत, एवढ्या पट्ट्यात मेढीचा निकाल लागतो. वरचं लाकूड उन्हाने करडं पडतं, त्याला भेगा जातात, तरी ते उभं राहतं. खोल मातीत गेलेलं टोकही बरंच टिकतं, कारण तिथवर हवा फारशी पोचत नाही. मधल्या वीतभरात मात्र ओल असते, हवा असते, ऊब असते, आणि बुरशीला एवढं पुरे होतं. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी धरत नाही असं जाणकार सांगतात. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यामुळे आषाढ-श्रावणात तो आकडा विसरायचा. पाऊस उघडला की मेढ लवकर सुकली पाहिजे, एवढंच आपल्या हातात आहे. मी पुढे जे सांगणार आहे त्यातलं निम्मं याच एका गोष्टीसाठी आहे.

बघायचं कसं ते सांगते. कोयत्याची पाठ मेढीवर आपट. धड लाकूड खणखणीत वाजतं, आतून गेलेलं बद्द वाजतं. मग खुरप्याने बुडाशी माती बाजूला कर आणि टोकदार काहीतरी, जुना स्क्रूड्रायव्हर उत्तम, लाकडात खुपस. थोडं जाऊन अडलं तर ठीक. बोटभर आत गेलं तर ती मेढ नावालाच उभी आहे, शेजारच्या रिपांनी तिला धरून ठेवलंय. लाकडावर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर वाळवी आली समज. एक नळी मध्येच फोडून ठेव आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा बघ. तेवढा तुकडा पुन्हा लिंपलेला असेल तर वाट चालू आहे. ही फेरी वर्षातून दोनदा मारायची, एकदा मे अखेरीस मृग लागण्याआधी आणि एकदा दसऱ्यानंतर, जमीन आवळली की. त्यातली मेमधली कधी चुकवू नकोस. भर पावसात मेढ पडली तर चिखलात दुसरी उभी करता येत नाही, आणि गुरांना ते आपल्याआधी कळतं.

आता पातेऱ्याबद्दल. आगरात पातेरा हवाच असतो, माडा-पोफळींच्या बुडाशी तोच घालायचा. पण झाडणारं माणूस तो लोटत लोटत वईपर्यंत नेतं आणि तिथेच ढीग लावतं, कारण तिथून पुढे न्यायला जागा नसते. मग तो ढीग भिजतो, महिनोन्‌महिने ओला राहतो, मेढींचे बुडखे त्यात बुडतात आणि वाळवीला अंधारातून, कुणाला न दिसता वर चढायला वाट मिळते. मामंजी, म्हणजे तुझे आजोबा, वईच्या आतल्या अंगाने दोन हात जागा कायम मोकळी ठेवायचे. डोक्यावर पाटी घेऊन माणूस चालत गेलं पाहिजे, असा त्यांचा दंडक. तुझ्या काकांनी एकदा त्या जागेत अळू लावायची टूम काढली. मामंजींनी काही न बोलता एका सकाळी सगळं अळू उपटून स्वयंपाकघरात पाठवलं. आम्ही पुढे कितीतरी दिवस फदफदं खात होतो. जागा पुन्हा मोकळी झाली ती आजतागायत आहे, तेवढी राख.

बुडाशी माती चढते तीही काढ. पावसाच्या माऱ्याने आणि पन्हळाच्या पाण्याने दरवर्षी थोडी थोडी माती येऊन वईला लागते, आणि काही वर्षांत जमीन वर आलेली असते. मेढ तीच, पण कुजायचा पट्टा वर सरकलेला. मेढीभोवती मातीचा थोडा उंचवटा करून उतार बाहेर काढ, म्हणजे पाणी बुडाशी थांबणार नाही.

नवी मेढ कोणत्या लाकडाची घ्यायची हे विचारशील. ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, जुना साग, यांतलं मिळेल ते घे, पण गाभ्याचं घे. झाड कोणतंही असो, सालीखालचा फिकट थर मातीत टिकत नाही. सागाच्या नावावर बाजारात कोवळ्या बल्ल्या येतात, त्यांत बहुतेक भाग हा फिकट थरच असतो, आणि वाळवी तो आवडीने खाते. नुसतं सागाचं नाव ऐकून पैसे मोजू नकोस, बल्लीचं कापलेलं तोंड बघ. साल तर काढायचीच, तिच्या आड किडे राहतात आणि पाणीही. सुरूचे वासे सरळ आणि स्वस्त मिळतात, ते आडव्या कामाला वापर, मातीत पुरू नकोस. पोफळीच्या रिपा छान होतात, मात्र फाडल्यावर आतला भुसभुशीत भाग तासून टाकायचा आणि बाहेरचं कठीण कवच तेवढं ठेवायचं. आपल्याच जमिनीतलं झाड आहे म्हणून परस्पर कुऱ्हाड लावू नकोस. साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ, फणस, आंबा ही सगळी झाडं १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादीत आहेत, परवानगी लागते. जंगलाबाहेर वाढलेल्या बांबूला मात्र २०१७ साली वनकायद्यातल्या ‘झाडा’च्या व्याख्येतून वगळलं, त्यामुळे आपल्या बेटातला माणगा तोडताना तेवढी धाकधूक नाही.

मेढ साडेसहा फुटांची असेल तर दोन फूट मातीत गेली पाहिजे. खड्ड्याच्या तळाला मूठभर खडी किंवा चिऱ्याचे तुकडे टाक, म्हणजे टोक चिखलात उभं राहणार नाही. मग थोडी माती, थोडे चिऱ्याचे तुकडे, असं भरत पहारीच्या बोथट टोकाने धुमसत यायचं. गडी सगळी माती एकदम लोटून वरून पाय मारतात, त्याने फक्त वरचा थर बसतो. प्रत्येक वीतभराला धुमसून घे आणि त्या वेळी तिथून हलू नकोस. हल्ली सिमेंटच्या गोळ्यात मेढ पुरायची पद्धत आली आहे. लाकूड सुकलं की आक्रसतं, सिमेंट आणि लाकडाच्या मध्ये बारीक फट पडते, आणि तिच्यात पाणी साचतं ते वर्षभर. घालायचंच असेल तर सिमेंट जमिनीच्या वर काढून त्याला बाहेर उतार दे आणि तळ उघडा ठेव. माझं मत विचारशील तर नको. कातळावर खड्डाच होत नाही, तिथे गडगा घाल आणि लाकडाचा नाद सोड.

मेढीचं वरचं तोंडही विसरू नकोस. लाकडाच्या कापलेल्या तोंडातून पाणी जितकं आत शिरतं तितकं अंगातून शिरत नाही. म्हणून तोंड तिरपं काप, पाणी घरंगळून जाईल. किंवा नारळाची करवंटी पालथी घालून एक खिळा मार. पाहुणे हसतात, हसू देत.

आता लाकडाला लावायचं काय, हा सगळ्यांचा आवडता विषय. मेढीचं बूड जाळून पुरायची जुनी रीत आहे. त्याने थोडा गुण येतो, पण त्यावर भिस्त ठेवू नये. कोळशाचा थर पातळ असतो, आणि तो तडकला की आतलं लाकूड उघडं पडतं. डांबर लावतात, तेही चांगलं, पण फक्त खडखडीत वाळलेल्या लाकडाला. ओल्या लाकडाला डांबर फासलं की ओल आत कोंडते आणि बाहेरून काळी कुळकुळीत दिसणारी मेढ आतून भुसा होते. डांबर पुरायच्या भागाला आणि जमिनीवर वीतभर, बस. वरच्या अंगाला श्वास घ्यायला मोकळीक हवी, तिथे तेल.

तेलात करंज, उंडी, काजूच्या टरफलाचं, जे मिळेल ते. होड्यांना इथले लोक हीच तेलं लावत आले, आणि होडीइतकं पाणी आपल्या वईला कधीच लागत नाही. काजूच्या टरफलाच्या तेलाने मात्र कातडी सोलवटून निघते, बिब्ब्यासारखी. हातांना आधी खोबरेल चोळ, हातमोजे घाल, आणि लहान मुलांना त्या दिवशी आगरात फिरकू देऊ नकोस. तेल लावायचं ते फाल्गुन-चैत्रातल्या उन्हात, लाकूड तापलेलं असताना, पातळ दोन हात. एकच जाड हात दिलास तर वर चिकट थर राहतो, त्याला धूळ बसते आणि आत काही जात नाही. पुण्याहून कुणी अळशीचं उकळलेलं तेल आणून दिलं तर तेही चालेल, पण त्यात भिजलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. ती आपोआप तापून पेट घेते. पसरून वाळव किंवा पाण्यात बुडव.

गॅरेजमधलं काळं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून पुष्कळजण मेढींना फासतात. आपल्या आगरात ते नको. ते पावसाबरोबर मातीत उतरतं, मातीतून विहिरीत जातं, आणि आपण त्याच विहिरीचं पाणी पितो. वाळवीच्या औषधांचंही तसंच. विहिरीच्या अंगाला ती ओतायची नाहीत, तिथे नळ्या फोडत राहायचं आणि जमीन कोरडी ठेवायची.

मोरचुदाच्या पाण्यात लाकूड भिजवायचा सल्लाही कुणी देईल. मोरचुदाने बुरशी मरते खरी, पण तो पावसात धुऊन जातो आणि लोखंडी खिळे खातो. हीच अडचण डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी १९३३ मध्ये सोडवली. तांब्याच्या आणि आर्सेनिकच्या क्षारांना क्रोमियमची जोड दिली की ते लाकडातच घट्ट बसतात. जगभर विजेच्या खांबांपासून बागेच्या कुंपणापर्यंत ही प्रक्रिया वापरली गेली. दुकानात हिरवट झाक असलेले प्रक्रिया केलेले खांब दिसले तर बहुधा तेच किंवा त्याच्या जवळचं काही. टिकतात उत्तम. फक्त त्यांचे तुकडे बंबात किंवा चुलीत घालायचे नाहीत, राखेत आर्सेनिक राहतं. ती राख तू भांडी घासायला घेणार नाहीस, पण माडाला नक्की घालशील, म्हणून सांगितलं.

ऑइलपेंट मला आवडत नाही. पहिलं वर्ष छान दिसतं, मग पापुद्रे सुटतात, आणि पापुद्र्यामागे पाणी बसतं. बांबूवर तर तो टिकतच नाही, बांबूची पाठ गुळगुळीत असते.

बांबूचं म्हणशील तर माणगा सर्वांत बरा. काटे नाहीत, आणि खालच्या बाजूला जवळजवळ भरीव. तीन वर्षांची काठी तोड. यंदाच्या काठीला आवरण चिकटलेलं असतं आणि अंगावर पांढरी भुकटी, जुनीवर शेवाळाचे डाग दिसतात. तोडायची ती पाऊस गेल्यावर, थंडीत, कारण तेव्हा काठीत पिठूळ अंश कमी असतो. पिठासारखा भुसा पाडणारा भुंगेरा त्या पिठूळ अंशासाठीच येतो. अमावास्येच्या आसपास तोडावी असं मामंजी म्हणायचे. अमावास्या साधली नाही तरी चालेल, थंडी साधली पाहिजे. तोडल्यावर काठ्या दोन-तीन आठवडे वाहत्या वहाळात दगडाखाली दाबून ठेव. वास येतो, शेजारी कुरकुरतात, पण तो पिठूळ अंश धुऊन जातो. मग सावलीत उभ्या करून सुकव. टाकणखार आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवण्याची पद्धतही चांगली आहे, पण ती छपराखालच्या बांबूला. उघड्यावर पहिल्याच पावसात टाकणखार निघून जातो. आणि वरचं तोंड कापताना पेराच्या लगेच वर काप. पेरापासून दूर कापलंस की वर पेला तयार होतो, त्यात पाणी आणि त्या पाण्यात डास.

काठ्या बांधायच्या त्या सुकल्यावर. ओल्या काठीला मारलेली गाठ काठी आक्रसली की ढिली होते, आणि मग सगळी वई खुळखुळते. काथ्याने बांध. प्लास्टिकची सुतळी उन्हात दोन वर्षांत भुगा होते, आणि तो भुगा आगरभर पडतो. बांबूला सरळ खिळा मारू नकोस, फाटतो, आधी भोक पाड. खिळे जस्ताचा मुलामा दिलेलेच घे. समुद्र जवळ असला की साधा खिळा गंजतो, आणि ऐना-खैराच्या लाकडात तर तुरट द्रव्य असल्याने त्याच्याभोवती काळे डागही पडतात.

वईवर वेल चढवायला माझी काही हरकत नाही. दोडकी, पडवळ, कारली, काकडी, ही चार महिन्यांची मंडळी. दसऱ्यापर्यंत वाळली की ओढून काढायची. तोंडली आणि मधुमालती मात्र वर्षानुवर्षं बसतात, लाकूड सुकू देत नाहीत आणि आतलं काही दिसू देत नाहीत. त्यांना वेगळा मांडव कर.

खालच्या वहाळाकडच्या बाजूला, जिथे मेढ टिकतच नाही, तिथे जिवंत कुंपण लाव. पांगाऱ्याचे, गिरीपुष्पाचे, भेंडीचे दांडे पहिल्या पावसात रोवले की मुळं धरतात. भेंडी म्हणजे भाजीची नव्हे, पिवळ्या फुलांचं झाड. दांडा लावताना बुंधा खाली, शेंडा वर, हे गड्याला दाखवून दे. तोडलेले दांडे ढिगात पडले की कोणतं टोक कोणतं ते कळेनासं होतं, आणि उलटा लावलेला दांडा बहुधा धरत नाही. गिरीपुष्पाचा पाला खताला होतो. मधल्या जागेत निरगुडी आणि अडुळसा लाव, त्यांना गुरं-शेळ्या तोंड लावत नाहीत. वानरांना काहीच अडवत नाही, त्यांच्यासाठी वईवर पैसे घालवू नकोस.

बेड्याला सगळ्यांत जास्त मार बसतो. आडणे सरकवायचं जुनं बेडं असेल तर दोन्ही खांब दगडाचे कर, लाकडाचे आडणे बदलायला सोपे. झुलतं कवाड हवं असेल तर त्याला तिरपी पट्टी मारावीच लागते, आणि ती खालच्या बिजागरीपासून वरच्या मोकळ्या कोपऱ्याकडे गेली पाहिजे. मग कवाडाचं वजन पट्टीवरून बिजागरीत उतरतं. उलटी मारली तर खिळे ओढले जातात आणि वर्षभरात कवाड जमीन खरवडायला लागतं. सुताराला हे माहीत असतं, पण घाईत असला की विसरतो.

शिमग्याच्या आधी आठ दिवस वईतली सुटी लाकडं आत आण. होमासाठी पोरं काय काय उचलतात ते तुझ्या काकांना विचार, तेही त्यांत असायचे. नुकतीच तेल लावलेली मेढ गेली तर फार जिवावर येतं. त्याच सुमारास वईच्या बाहेरच्या बाजूचं वाळलेलं गवत चार-पाच हात रुंद काढून टाक. डोंगरावर लावलेला वणवा वाऱ्याबरोबर खाली येतो, आणि तेल प्यायलेलं लाकूड भराभर पेटतं.

वाऱ्याचा विचार ३ जून २०२० नंतर सगळेच करायला लागले. निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत आलं तेव्हा आपल्या आळीत ज्यांनी वई झापांनी गच्च बंद केली होती, त्यांची वई आडवी झाली. फटी असलेल्या पुष्कळशा उभ्या राहिल्या. माड-पोफळी अंगावर पडल्या तिथे अर्थात कुणाचंच चाललं नाही. तू आडोसा हवा म्हणून झापं लावशील, तर मेमध्ये ती उतरवून ठेव आणि दोन काठ्यांत बोटभर अंतर राहू दे.

मेढ बुडाशी गेली म्हणून सगळी उपटायची गरज नाही. वरचं लाकूड धड असेल तर शेजारी सिमेंटचा किंवा दगडाचा आखूड खांब पूर आणि जुनी मेढ जमिनीपासून चार बोटं वर कापून त्याला बोल्टने आवळ. लाकूड मातीला शिवतच नाही, मग कुजणार काय. शंभर रुपयांच्या जागी तीनशे जातील, पण पुढची कितीतरी वर्षं तिच्या बुडाशी वाकावं लागणार नाही. मी सगळ्या मेढींचं असं करायला सांगत नाही, ज्या जातील त्यांचं करत जा. एका दमात सगळी वई नवी करणारा माणूस दुसऱ्या वर्षी तिच्याकडे बघत नाही, आणि मग सगळी एकदमच जुनी होते. काठ्या दरवर्षी थोड्या बदलायच्या, रिपा जातील तशा, मेढी सर्वांत कमी वेळा.

विहिरीकडच्या कोपऱ्यातल्या तीन मेढी गेल्या वेळी मला हलताना दिसल्या, तिथून सुरुवात कर. आणि गड्याला आत्ताच सांगून ठेव. दिवाळी झाली की गावात सगळ्यांनाच वईला माणूस लागतो.